पावसाळा काढणारा ग्लूचा सांधा: बाहेरच्या लाकडी कामाचे टप्पे

ऑक्टोबरात ऊन पडायला लागलं की तक्रारी सुरू होतात. अंगणातल्या बाकाची फळी सांध्यातून उघडली, गेटच्या चौकटीची कूस (भोकात बसणारं पट्टीचं टोक) हलायला लागली, खिडकीच्या झडपेचा कोपरा सुटला. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, ग्लू खराब निघाला. मी असे सुटलेले सांधे बरेच उघडून पाहिले आहेत. ग्लू खरोखर खराब होता असे त्यांत फार थोडे. कुठे लाकूड ओलं होतं, कुठे जुन्या काळवंडलेल्या पृष्ठभागावरच ग्लू लावला होता, कुठे पाणी साचायला जागा ठेवली होती, आणि बऱ्याच ठिकाणी घरातल्या कपाटाला वापरतात तोच पांढरा ग्लू बाहेर वापरला होता.

हा लेख लाकडाला लाकूड जोडून उन्हापावसात ठेवायच्या वस्तूंसाठी आहे: बाक, गेट, खिडक्या, झोपाळ्याची फळी, तुळशीजवळची चौकट. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सगळ्यात जास्त नुकसान क्रम मोडल्याने होतं.

बाहेर सांध्याचं नेमकं काय होतं

नुसत्या पाण्याने सांधा सहसा एका दिवसात सुटत नाही. लाकूड ओलं झालं की रेषांना, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवं फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. त्यामुळे दोन तुकड्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतील, तर प्रत्येक पावसाळ्यात एक तुकडा सरकायला बघतो आणि दुसरा जागचा हलत नाही. तो सगळा ताण मधल्या केसाएवढ्या ग्लूच्या थरावर येतो. दरम्यान पाणी त्या थरालाही मऊ करत असतं.

दुसरं कारण उष्णता. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाचं लाकूड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, हात ठेववत नाही इतकं. साधा पांढरा ग्लू या तापमानाला मऊ पडतो आणि सतत भार असेल तर सांधा हळूहळू सरकतो. झोपाळ्याच्या फळीचे सांधे उन्हाळ्यातच वाकडे का होतात, त्याचं उत्तर इथे आहे.

तिसरं ऊन स्वतः. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या छोट्या अंशापलीकडे शिरत नाहीत, त्यामुळे आतला ग्लू त्यांच्यापासून सुरक्षित असतो. बाहेर दिसणारी ग्लूची कड मात्र पिवळी पडते, भुसभुशीत होते, तिला बारीक चिरा पडतात आणि तिथून पाण्याला वाट मिळते. तेच किरण लाकडाच्या वरच्या थरातलं, तंतूंना एकत्र धरणारं लिग्निन तोडतात. राखाडी पडलेल्या लाकडावर चिकटवलेलं काही टिकत नाही ते यामुळे. ग्लू लाकडाला पक्का धरतो, पण वरचा थरच खालच्या लाकडापासून सुटतो.

टप्पा १: वस्तू कुठे राहणार ते ठरवा

मोठा पाऊस म्हणजे सांध्याला जास्त धोका, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. कोकणात हवा बारा महिने दमट. लाकडातला ओलावा उन्हाळ्यात साधारण १२ टक्के आणि पावसाळ्यात १९-२० टक्क्यांच्या आसपास राहतो. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की सावलीतलं लाकूडही ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि पावसाळ्यात ते १६ टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे पाऊस कमी असूनही नागपूरच्या लाकडाची हालचाल रत्नागिरीच्या लाकडापेक्षा मोठी.

हे मिलिमीटरमध्ये बघू. सागवानाची १५० मिलिमीटर रुंद फळी, वर्षवलयं रुंदीला समांतर येतील अशी कापलेली. ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक पडला तर ती साधारण सव्वादोन मिलिमीटर हलते, १२ टक्क्यांचा पडला तर सव्वातीन. सागवान मुळात कमी हलणारं लाकूड आहे. इतर बऱ्याच जातींत हा आकडा मोठा असतो.

त्यामुळे कोकणात पाण्याने मऊ न होणाऱ्या ग्लूला पहिलं महत्त्व, विदर्भ-मराठवाड्यात सांध्याच्या रचनेला. समुद्राजवळ आणखी एक लक्षात ठेवा: साधे लोखंडी खिळे आणि स्क्रू गंजून फुगतात आणि सांधा आतून फाडतात. तिथे स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरा.

टप्पा २: लाकडाचा ओलावा मोजा

वखारीतून आणलेलं लाकूड त्याच आठवड्यात जोडू नका. आडव्या पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असं, सावलीत रचून ठेवा आणि मोजून बघा. जोडतानाचा ओलावा त्या जागच्या वर्षभराच्या चढउताराच्या मध्याच्या आसपास असावा: कोकणात १३ ते १५ टक्के, देशावर आणि विदर्भात ९ ते ११ टक्के. मध्यावर जोडलं की लाकूड दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलतं. एका टोकाला जोडलं तर सगळी हालचाल एकाच दिशेने होते.

ओलावा मोजणारं मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला बारीक मोजणारा काटा पुरतो. फळीच्या टोकापासून निदान अर्धा फूट आतला तुकडा कापा, कारण टोकं आधी वाळतात आणि फसवतात. तुकड्याचं वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. समजा, तुकडा ११८ ग्रॅमचा होता आणि १०४ वर थांबला. १४ भागिले १०४, म्हणजे साडेतेरा टक्के.

*तपासा:* जोडायच्या दोन तुकड्यांच्या ओलाव्यात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नको. एक फळी जुन्या घरातली आणि दुसरी वखारीतली असते तेव्हा हा फरक नक्की निघतो.

टप्पा ३: सांध्याची रचना

इथे घाई करणाऱ्याला पुढे कुठलाही महागडा ग्लू वाचवत नाही.

पहिली गोष्ट, टोकाच्या कापाला टोकाचा काप कधीच नुसत्या ग्लूने जोडू नका. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. त्या ग्लू पिऊन टाकतात आणि पुढे पाणीही तिथूनच सगळ्यात वेगाने आत जातं. लांबी वाढवायची असेल तर लांब तिरका काप घ्या. त्याची लांबी जाडीच्या किमान आठपट ठेवा.

दुसरी, फळ्या कडेला कड जोडून रुंद पाट केला असेल, तर त्याच्या खाली किंवा टोकांना आडवी पट्टी पूर्ण लांबीभर ग्लूने चिकटवू नका. घरात हे एखाद वेळी खपतं. बाहेर एका वर्षात पाट मधोमध फाटतो किंवा पट्टी सुटते. पट्टी फक्त मध्यावर पक्की करा. बाजूच्या स्क्रूंसाठी भोकं लांबट ठेवा, म्हणजे पाटाला सरकायला जागा राहील.

तिसरी, भोकात कूस बसवताना कूस फार रुंद ठेवू नका. रुंद चौकटपट्टीला एका रुंद कुशीऐवजी दोन अरुंद कुशी करा. आणि बाहेरच्या कामात ग्लूच्या जोडीला यांत्रिक आधार हवाच: पाचर, लाकडी खुंटी किंवा स्क्रू. ग्लूला एकट्याला भार वाहायला लावू नका.

चौथी गोष्ट पाण्याची. सांध्याच्या वर सपाट जागा असेल तर तिथे पाणी थांबणार. तिला बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार द्या. खिडकीच्या खालच्या पट्टीला तळाशी, बाहेरच्या कडेजवळ एक खोबण मारा, म्हणजे पाणी पट्टीखालून मागे न ओघळता तिथेच टपकून पडेल. आरपार नसलेलं भोक वर तोंड करून असेल तर ती पाण्याची वाटीच झाली. त्याला तळाशी निचऱ्याचं बारीक भोक ठेवा. बाकाचे पाय थेट फरशीवर टेकवू नका.

*तपासा:* ग्लू न लावता सगळं जुळवून बघा. सांधा हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडा मारावा लागला तर बसताना सगळा ग्लू बाहेर खरवडला जाईल. हलत असेल तर ग्लूचा थर जाड होईल, आणि इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून वापरायचा ग्लू) सोडून कुठलाही ग्लू जाड थरात कमजोर असतो.

टप्पा ४: ग्लू निवडा

पांढऱ्या ग्लूचे सगळे डबे सारखे दिसतात, म्हणून लेबल वाचा. युरोपीय मानक ईएन २०४ या ग्लूंचे डी१ ते डी४ असे चार वर्ग करतं. डी१ फक्त कोरड्या खोलीसाठी. डी३ वरचेवर थोडा वेळ ओलं होणाऱ्या जागेसाठी. डी४ उघड्यावर चालतो, पण वरून योग्य रंग किंवा लेप असेल तरच, ही अट मानकातच आहे. डी४ च्या चाचणीत सांधा सहा तास उकळून आणि दोन तास थंड पाण्यात ठेवूनही ठराविक ताकद टिकवावी लागते. डब्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल आणि वर्ग दिला नसेल, तर त्या शब्दावर विसंबू नका.

झोपाळा, गेट, मोठी चौकट अशा भार घेणाऱ्या कामाला मी डी४ सुद्धा टाळतो, कारण सतत भार आणि उन्हाची उष्णता एकत्र आली की या जातीचा ग्लू सरकतो. तिथे दोन भागांचं इपॉक्सी वापरा. ते पाण्याला दाद देत नाही आणि बारीक फटीही भरतं. त्याचा शत्रू ऊन, म्हणून त्यावर रंग हवाच. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी बाहेर वापरू नका. ओलाव्यात आणि उष्णतेत ते सावकाश घट्ट होणाऱ्यापेक्षा लवकर हार मानतं.

एका भागाचा पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू पाण्याला चांगला तोंड देतो आणि सागवानासारख्या तेलकट लाकडावरही बऱ्यापैकी धरतो. तो हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. फुगून बाहेर येणारा फेस फट भरतो असं दिसतं, पण त्या फेसाला ताकद नसते. सांधा घट्टच हवा. आणि हातमोजे घाला, कातडीवरून तो धुऊन निघत नाही.

रिसॉर्सिनॉल ग्लू मिळत असेल तर टिकाऊपणात तो अव्वल. होड्या आणि बाहेरच्या लॅमिनेटेड तुळयांना तो वापरत आले आहेत. त्याची गडद तपकिरी-जांभळी रेघ दिसते, एवढीच त्याची अडचण.

रबरी ग्लू आणि थेंबाथेंबाने लावायचा झटपट ग्लू या कामाचे नव्हेत.

प्लायवुड बाहेर वापरत असाल तर त्याच्या आतला ग्लूही तपासा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्रकारचा प्लाय घरातल्या कोरड्या जागेसाठी असतो. उघड्यावर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. त्याच्या ग्लूला ७२ तास उकळण्याच्या चाचणीतून जावं लागतं. कापलेल्या कडा मात्र त्यालाही बंद कराव्या लागतात.

टप्पा ५: आधी तुकड्यांवर चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. त्याच लाकडाचे, त्याच दिवशी रंधलेले सहा जोड त्याच ग्लूने चिकटवा आणि आठवडाभर तसेच ठेवा. त्यातले दोन कोरडेच फोडून बघायला बाजूला काढा. दोन स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या भांड्यात चार तास उकळा, पूर्ण वाळवा, पुन्हा चार तास उकळा आणि तासभर थंड पाण्यात ठेवा. प्लायवुडच्या मानक चाचणीचाही क्रम असाच असतो, फक्त तिथे वाळवणी ६० अंशांच्या भट्टीत १६ ते २० तास होते. राहिलेले दोन जोड एकावर एक अर्धे चढवून चिकटवलेले हवेत. त्यांना वजन टांगा आणि एप्रिलच्या उन्हात आठवडाभर ठेवा. सांध्यावर आधीच पेन्सिलने आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटून दोन भाग सरकलेले दिसले, तर तो ग्लू भाराच्या कामाला नको.

उकळलेले जोड गार झाल्यावरच फोडा. साधं इपॉक्सी उकळत्या पाण्यात तात्पुरतं मऊ होतं, आणि गरम असताना फोडलं तर उगाच नापास ठरतं.

*तपासा:* पटाशी सांध्यावर ठेवून फोडा आणि तुटलेली जागा नीट बघा. लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर ग्लूने लाकूड धरलं होतं. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि एकीवरच चकचकीत ग्लू असेल तर तो लाकडाला चिकटलाच नव्हता. हा दोष बहुतेक वेळा पृष्ठभागाचा निघतो. ग्लू बदलण्याआधी पुढचा टप्पा नीट करा.

टप्पा ६: पृष्ठभाग

धारदार रंधा मारा आणि त्याच दिवशी चिकटवा. बोथट रंधा लाकडाचे तंतू चेपतो. दिसायला ते गुळगुळीत दिसतं, पण ग्लू आत शिरत नाही, आणि चेपलेले तंतू ओले झाले की फुगून ग्लूला ढकलतात. जुनं लाकूड असेल तर राखाडी थर पूर्ण निघून खालचा ताजा रंग दिसेपर्यंत रंधा. उघड्या लाकडावर दोन-तीन आठवड्यांचं ऊन पडलं तरी वरच्या थराची पकड घटते. पावसाळ्याआधी चौकट रंधून ठेवून दिवाळीनंतर चिकटवणाऱ्यांनी पुन्हा रंधा मारायलाच हवा.

सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि ते रंधल्यावर काही तासांत पृष्ठभागावर येतं. चिकटवण्याच्या थोडं आधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत ते बदलत राहा. पूर्ण उडून जाऊ द्या, मग लगेच ग्लू लावा. साधा थिनर नको, त्याचे काही घटक मागे राहतात. आणि जवळ विडी-काडी, शेगडी काही नको.

इपॉक्सीसाठी रंधल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा आणि भुसा ब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातून तेलाचे कण येतात.

*तपासा:* पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब टाका. अर्ध्या मिनिटात तो पसरून मुरायला लागला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा मेण आहे, पुन्हा रंधा. थेंबाची जागा वाळल्याशिवाय चिकटवू नका.

टप्पा ७: ग्लू लावणं आणि शिकंजा (क्लॅम्प)

सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत काम करा. मे महिन्यात दुपारी पांढरा ग्लू शिकंजा लागण्याआधीच वर साय धरतो, आणि साय धरलेला ग्लू दाबला तरी पकड घेत नाही. शिकंजे आधी मापाला उघडून हाताशी ठेवा.

डी४ आणि पीयू दोन्ही पृष्ठभागांवर पातळ, सलग लावा. दाबल्यावर सांध्याच्या सगळ्या लांबीवर बारीक मण्यांची ओळ आली पाहिजे. कुठे मणी नसतील तर तिथे ग्लू नाही, आणि पाणी तिथूनच आत जाणार. लाकूड अगदी कोरडं असेल तर पीयूसाठी एका बाजूला पाण्याचा हलका फवारा द्या.

इपॉक्सीची गोष्ट वेगळी. राळ आणि हार्डनरचं प्रमाण घनमानाने दिलं आहे की वजनाने, ते लेबलवर बघा. दोन्ही आकडे सारखे नसतात, आणि अंदाजाने मिसळलेलं इपॉक्सी कायम चिकट राहतं. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत पूर्ण दोन मिनिटं ढवळा. आधी पातळ इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावून मुरू द्या, मग त्यातच बारीक लाकडी पूड मिसळून दाट करा आणि दुसरा हात द्या.

*सावधान:* इपॉक्सीचा शिकंजा हलकाच आवळा, तुकडे नीट टेकतील इतकाच. जोरात आवळलात तर सगळं इपॉक्सी बाहेर निघून सांधा उपाशी राहतो.

टप्पा ८: वाट बघा

शिकंजा काढणं वेगळं आणि पाण्याला तयार होणं वेगळं. डी४ चा शिकंजा काही तासांत काढता येतो, पण त्याची पाण्यातली ताकद यायला आठवडा लागतो. साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या इपॉक्सीलाही साधारण तेवढाच वेळ द्या. जूनच्या पहिल्या सरीच्या आदल्या दिवशी गेट चिकटवलं, तर सांधा अर्धाकच्चा असतानाच भिजणार. एप्रिल अखेरपर्यंत चिकटवण्याचं काम संपवा, म्हणजे रंगालाही वेळ मिळतो.

इपॉक्सी घट्ट झाल्यावर वर मेणासारखा चिकट थर दिसला तर रंगाआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा. थिनरने तो नुसता पसरतो.

टप्पा ९: कडा बंद करा

आधी टोकांचे काप. पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, पहिला मुरला की लगेच दुसरा. मग सगळ्या सांध्यांवरून प्रायमर आणि बाहेरचा रंग द्या. भिंतीकडची, जमिनीकडची, न दिसणारी बाजूही रंगवा. एकच बाजू रंगवलेली फळी दोन बाजूंनी वेगवेगळी फुगते आणि वाकते. रंग फिका घ्या, कारण फिकं लाकूड उन्हात कमी तापतं. लाकूड दाखवायचं असेल तर अतिनील किरणांपासून वाचवणारं बाहेरचं वार्निश द्या आणि ते रंगापेक्षा लवकर पुन्हा द्यावं लागेल हे गृहीत धरा.

मधेच येणारा प्रश्न: नावाची पाटी

अ‍ॅक्रिलिकची पाटी लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कडक ग्लूने चिकटवतात आणि ती उन्हाळ्यात सुटते किंवा तडकते. एक मीटर अ‍ॅक्रिलिक ४० अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम एक मिलिमीटरच्या आत, आणि लाकूड रेषांच्या दिशेने त्याहूनही कितीतरी कमी. इथे थर लवचिक आणि जाड, दोन-तीन मिलिमीटरचा हवा. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन यासाठी चांगलं, ऊन त्याला फारसं काही करत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू, संगमरवर आणि सिमेंटवर लावू नका, त्यातलं आम्ल त्यांना खातं. आणि पाटीभोवती रंग द्यायचा असेल तर आधी रंग, मग सिलिकॉन. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

टप्पा १०: पहिल्या वर्षाची पाहणी

तीनदा बघा: पहिल्या मोठ्या पावसानंतर, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी सांध्याजवळची ओली रेघ बघा. बाकी लाकूड वाळलं आणि तेवढीच रेघ ओली राहिली, तर रंगाला चीर आहे आणि पाणी आत मुरतंय. चिरेत पावसाळ्यातच पुट्टी भरू नका, आतला ओलावा कोंडला जातो. तिथलं पाणी तात्पुरतं अडवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाकूड पूर्ण वाळू द्या, रंग खरवडा, आणि मग इपॉक्सी भरून पुन्हा रंग द्या.

सांधा पूर्ण सुटला असेल तर जुन्या ग्लूवर नवा ग्लू ओतू नका. दोन्ही बाजू ताजं लाकूड दिसेपर्यंत साफ करा आणि टप्पा २ पासून सुरुवात करा.